हेल्मेटवरचं नाव

कुवेतमध्ये गेली बावीस वर्षं मी 'बुश्बा' आहे. अरबीत 'प' हे अक्षरच नाही. त्यामुळे पुष्पा पाटील या नावातले दोन्ही 'प' विमानतळावरच जमा झाले, आणि पहिल्या बताक्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, मी 'बुश्बा बातील' होऊन आले. आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवून आणणारा माणूस, ते कार्ड माझ्या हातात देताना खो खो हसला. आपल्या 'रद्दबातल'मधला बातल तो अरबीतलाच. "मॅडम, तुम्ही तर छापील रद्द आहात," असं तो म्हणाला आणि पुढे वर्षभर ते सगळ्यांना सांगत सुटला.

मी मूळची नाशिकची, आणि नाकावरच्या रागासाठी माहेरी प्रसिद्ध. त्याच दिवशी ठरवलं की नावाच्या बाबतीत कुणाचीही गय करायची नाही. कामही नेमकं तसलंच मिळालं. शुऐबाला एका कंत्राटदार कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर. नकाशे, परवाने, गेटपास, पत्रं, सगळं माझ्या टेबलावरून जाणार आणि त्यात कुणाच्या नावाचं एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर कागद आल्या पावली परत जाणार. माझ्या पाठीमागे लोक मला 'स्पेलिंगवाली' म्हणतात हे मला ठाऊक आहे. मला त्याचा अभिमानच होता.

या बावीस वर्षांत माझं नाव पहिल्या फटक्यात बरोबर उच्चारणारा परका माणूस एकच भेटला, नज्मी बे, म्हणजे नज्मीसाहेब. आणि त्यांच्या नावाचं मी जे करून ठेवलं ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

ते आमच्याकडे आले एप्रिलच्या शेवटी, ऊन तापायला लागलं तेव्हा. तुर्की माणूस, साठीच्या आसपासचा, उंच. डोक्याचे केस पांढरे आणि मिशी मात्र काळीभोर. आमच्या साहेबांनी आधी एवढंच सांगितलं होतं की हे तिकडे सैन्यात मोठे अधिकारी होते, मग राजकारणात गेले, एकदा निवडूनही आले, आणि आता आपल्याकडे इमर्जन्सी ड्रिल घेणार आहेत. शुऐबाच्या कारखान्यांत कुठे गॅस गळला आणि भोंगा वाजला की कामगारांनी हातातलं काम टाकून मस्टर पॉइंटला, म्हणजे ठरलेल्या मोकळ्या जागेला, जमायचं असतं. तिथे डोकी मोजायची असतात. निवडून आलेला माणूस आमच्या पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये डोकी मोजायला का आला, हे विचारायची हिंमत नव्हती, पण उत्सुकता फार होती. आपल्याकडे एकदा निवडून आलेला माणूस पुन्हा नोकरी करताना मी तरी पाहिलेला नाही.

मी सहीचं रजिस्टर पुढे केलं. त्यांनी माझ्या टेबलावरची पाटी वाचली आणि किंचित वाकून म्हणाले, "पुष्पा हानम." हानम म्हणजे बाई. तुर्कीत 'प' आहे! मला इतका आनंद झाला की मी त्यांना न विचारताच चहा मागवला. आमच्याकडचा तो दाट दुधाचा करक चहा. त्यांनी एक घोट घेतला, कप अगदी हळू खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "सूप छान आहे. चहा कधी येतो?"

मग मी त्यांना स्टोअरमध्ये नेलं. स्टोअरकीपर इस्माईलचाचा रत्नागिरीकडचे. तीस वर्षं झाली त्यांना इथे. हेल्मेट, बूट, हातमोजे त्यांच्याकडून घ्यायचे, आणि हेल्मेटवर नाव ते स्वतः काळ्या मार्करने लिहीत. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई, पण ते त्यांना कबूल नव्हतं. चाचांनी मार्करचं टोपण काढून विचारलं, "नाम?"

नज्मी बे टाचा जुळवून ताठ उभे राहिले. काहीतरी दोन अक्षरं बोलले आणि मध्येच थांबले. चेहरा एकदम उतरला. पण चाचांना तेवढं पुरलं. त्यांनी मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'अलीभाई' लिहूनसुद्धा टाकलं आणि हेल्मेट पुढे केलं. "आमच्यातलाच हाय," मला म्हणाले.

नज्मी बे ते हेल्मेट हातात धरून बराच वेळ बघत राहिले. अंगठ्याने ती अक्षरं त्यांनी एकदा पुसल्यासारखी केली, पण शाई वाळली होती.

"बराबर हाय ना?" चाचांनी विचारलं.

"तमाम," ते म्हणाले. त्यांच्याकडे तमाम म्हणजे ठीक.

गेटपासवर मी नज्मी असंच घातलं होतं. हेल्मेट माझ्या खात्यात येत नव्हतं, आणि या लोकांची नावं तीन-तीन चार-चार असतात, त्यातलं एखादं अली असेल, असं म्हणून मी गप्प बसले. आठवड्याभरात सगळी साइट त्यांना अलीभाई म्हणू लागली. मल्याळी वेल्डर, फिलिपिनो फिटर, गेटवरचा नेपाळी गार्ड, सगळे. प्रत्येकाचा उच्चार वेगळा, कुणी 'अली' लांबवे, कुणी गिळून टाके. पण हाक कानावर पडली की त्यांच्या टाचा आपोआप जुळायच्या आणि उजवा हात कानशिलाकडे निघायचा, छातीपर्यंत येऊन थांबायचा. आम्ही त्याला फौजी खोड म्हणायचो. पोरं मुद्दाम हाक मारून ती खोड बघायची आणि त्यांना ते कळत असून ते दर वेळी टाचा जुळवायचे.

बाकी खोडीही होत्याच. शुऐबाच्या त्या धुळीत हा माणूस रोज सकाळी बुटांना पॉलिश करून यायचा आणि दहा मिनिटांत बूट पुन्हा वाळूच्या रंगाचे व्हायचे. जेवण बाराच्या ठोक्याला. एकदा कॅन्टीनमध्ये कुणाच्या तरी ताटातला खुबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचा, तुकडा खाली पडला. नज्मी बेंनी तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि कुणाचा पाय पडणार नाही असा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो ना, तसं. त्यांच्या गावाकडे सगळेच करतात, म्हणाले. तेव्हापासून आमच्या टेबलावर कुणी खुबूस टाकलं तर मी रागावून बघते.

पण खरा माणूस दिसायचा तो ड्रिलला. त्यांच्याआधी आमच्याकडे ड्रिल म्हणजे भोंगा, पळापळ, डोकी मोजा, दोनशे बारा झाली, चला कामाला. पहिल्याच दिवशी त्यांनी ते बंद केलं. मोजायचं नाही. नावं घ्यायची. चार आठवड्यांत या माणसाने दोनशे बारा नावं पाठ केली, आणि नावं तरी कसली! आंध्रचा वेंकटेश्वरलू, नेपाळचा थापा एक आणि थापा दोन, बांगलादेशचे सात अब्दुल. थापा एक, थापा दोन असं म्हणायला त्यांनी मनाई केली. दोघांची पूर्ण नावं घ्यायची. ते एकेक नाव मोठ्याने पुकारायचे आणि विचारायचे, "हाझिर?" आमची कोकणातली आणि मराठवाड्यातली मुलं ठणकावून ओरडायची, "हजर!" त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'तयार' असा, आपल्याकडे 'आलोय' असा. कुणाला काही फरक पडला नाही. दुपारच्या उन्हात हे अर्धा तास चालायचं. लोक वैतागायचे, पण आपलं नाव येईपर्यंत कुणी जागा सोडत नसे.

माझं त्यांच्याशी पहिलं भांडण झालं ते याच ड्रिलवरून. हजेरीचा कागद फायलीत लावायला माझ्याकडे येई. नावं दोनशे बारा आणि बरोबरच्या खुणा दोनशे तेरा. शेवटच्या नावाखाली, रिकाम्या ओळीसमोर, एक खूण जास्तीची. पहिल्यांदा मला वाटलं चूक असेल. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी कागद घेऊन तरातरा त्यांच्यापुढे उभी राहिले.

"नज्मी बे, ही खूण कुणाची?"

"आहे एकाची."

"नाव नाही, माणूस नाही, आणि खूण आहे. असा कागद मी फायलीत लावू?"

"लावा, पुष्पा हानम," ते म्हणाले. "तो उशिरा येतो."

मी तणतणत परत आले. पण त्यानंतरच्या ड्रिलला मी खिडकीतून नीट पाहिलं. शेवटचं नाव झाल्यावर ते एक क्षण थांबत. ओठ हलत, आवाज नाही. मग खूण करत आणि सगळ्यांना सोडत.

ती खूण कुणाची ते मला जवळजवळ दोन वर्षांनी कळलं. धुळीचं वादळ आलं होतं. बाहेर सगळं पिवळं झालेलं, काम बंद, बसा म्हणाले जिथे आहात तिथे. पोर्टाकॅबिनमध्ये आम्ही दोघंच. मी त्यांच्या पद्धतीचा बिनदुधाचा चहा काचेच्या ग्लासात केला, आणि ते आपणहून बोलायला लागले. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, त्यात थोडी अरबी, थोडी आमच्याकडून उचललेली हिंदी. पण त्या दिवशी मला एकही वाक्य पुन्हा विचारावं लागलं नाही.

"मी तेव्हा मेजर होतो," ते म्हणाले. "डोंगरात, बर्फात सराव होता. अंधार पडायच्या आधी खाली उतरलो. मी विचारलं, किती? उत्तर आलं, पूर्ण. डोकी मोजली होती. कुणीतरी एक डोकं दोनदा मोजलं. सकाळी एका पोराची गादी रिकामी. वर गेलो तेव्हा तो दगडाला टेकून बसलेला होता. एकोणीस वर्षांचा."

मी त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

"कागद मी लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं, पोराचं हृदय आधीपासून कमजोर होतं. सही केली. पुढे मी कर्नल झालो. निवृत्त झालो. पक्षाला मिशीवाला, पदकंवाला माणूस हवा होता, त्यांनी मला उभं केलं. पोस्टरवर माझा गणवेशातला फोटो. मैदान भरलेलं. मी भाषणात म्हणायचो, माझे सैनिक, माझी मुलं. एका सभेत बायकांमधून एक म्हातारी उठली. डोक्याचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, माझा मुलगा तुमच्याकडे होता. बर्फात गेला. त्याचं नाव सांगा."

वाळू पत्र्यावर आपटत होती.

"मला आठवलं नाही, पुष्पा हानम. माइक हातात, आणि नाव आठवेना. मग मी काय केलं माहीत आहे? मी म्हटलं, आई, ते सगळेच माझे मुलगे होते! मैदानात टाळ्या. ती टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली आणि मग खाली बसली. मी निवडून आलो. त्याच टाळ्यांवर."

निवडून आल्यावर वर्षभर ते झोपले नाहीत, असं म्हणाले. जुने कागद काढले, नाव शोधलं. यूनुस. मग एक दिवस सभागृहात उभं राहून त्यांनी ते नाव घेतलं आणि सांगितलं की त्या कागदावरची माझी सही खोटी आहे. पुढे सगळं ओळीने झालं. पक्षाचे लोक म्हणाले, तुला विचारलं होतं कुणी? सैन्यातल्या मित्रांचे फोन बंद झाले. खटला उभा राहिला आणि त्यांची रँक काढून घेतली गेली. ते त्या आईच्या दारात गेले. तिने दार उघडलं नाही. खिडकीतूनच विचारलं, "आता आठवलं होय नाव?"

"निकालाविरुद्ध अपील केलंय," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली."

मी नाशिकची, जीभ आवरत नाही. विचारून बसले, "स्वतःच कबूल केलंत, मग रँक परत कशाला मागता?"

त्यांना राग आला नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून बसले होते. "खोटा कागद एका संध्याकाळचा होता," म्हणाले. "बाकीची तीस वर्षं मी खरी केली. पेन्शन नको मला. आमच्याकडे कबरीच्या दगडावर नावाच्या आधी हुद्दा लिहितात. माझे वडील साधे कॉर्पोरल होते, त्यांच्या दगडावरसुद्धा आहे. मला तेवढा एक शब्द हवा. नुसतं नाव कुणाच्याही दगडावर असतं."

"कर्नल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तुमच्या भाषेत त्याला काय म्हणतात, हे विचारायचं मला सुचलं नाही. शब्दांवर जगणारी बाई मी, पण तो एक शब्द विचारायचा राहिला.

त्यानंतर मी त्यांच्या अपिलाची वाट त्यांच्याइतकीच बघू लागले. सोमवारी त्यांच्या वकिलाचा फोन यायचा. फोन ठेवून ते माझ्याकडे बघत आणि मान हलवत, अजून नाही. असे किती सोमवार गेले. चौथ्या वर्षी एका सोमवारी फोन आला, ते उभे राहून ऐकत होते, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. हेल्मेट घातलं आणि बाहेर गेले. त्या दिवशी ड्रिल होतं. दोनशे बारा नावं त्यांनी नेहमीसारखी घेतली. कागद माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाले, "फेटाळलं. आता वर कुणी नाही."

मी घरी येऊन ढसाढसा रडले. आम्ही महबूल्याला राहतो, समुद्राकडच्या इमारतीत. नवऱ्याला वाटलं नाशिकहून काही वाईट बातमी आली. आपण या माणसासाठी काय करू शकतो, या विचाराने मला चैन पडेना. कोर्टाचं काही माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात होती ती फक्त नावं.

आणि तिथे माझी अक्कल चालली. या माणसाचं तिकडे सगळं काढून घेतलं, आणि इथे आपण त्याला त्याचं स्वतःचं नावसुद्धा देत नाही! दुसऱ्याच्या नावाने हाका मारतो, चार चार वर्षं! ज्याने थापा एक, थापा दोन चालू दिलं नाही, ज्याने माझ्या नावातला 'प' मला परत दिला, त्याला आपण अलीभाई म्हणतो! जेवताना मी हे सगळं तावातावाने सांगितलं. माझी लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, लीव्ह इट ना. मेबी ही लाइक्स इट."

"तुला काय कळतंय," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात ऑडिट येणार होतं आणि गेटपास व हेल्मेट यांवरची नावं जुळायला हवी होती, त्यामुळे माझ्या हातात आयतं कोलीत आलं. मी सगळ्या साइटला पत्रक काढलं. सुरक्षा प्रशिक्षकांचं नाव नज्मी असं आहे, 'अलीभाई' हे चुकीचं आहे, यापुढे सर्वांनी योग्य नावाचाच वापर करावा. नव्या हेल्मेटवर छापील पट्टी लावून घेतली. इस्माईलचाचांशी तर कडाक्याचं भांडण झालं.

"अगो पुष्पाताय, तो सोता बोल्ला तसा. ह्या कानान ऐकलाय मी!"

"कुठल्या कानाने, चाचा?"

हे मी बोलायला नको होतं. चाचांनी मार्करचं टोपण घट्ट लावलं. मग म्हणाले, "चार वरसं बोलतंव. कदी नको बोल्ला काय तो?"

"सभ्य माणूस आहे, म्हणून नाही बोलला. आता यापुढे नज्मीसाहेब. मी ऐकणार आहे."

नवं हेल्मेट मी स्वतः नेऊन दिलं, एखादं बक्षीस द्यावं तसं. नज्मी बेंनी ते घेतलं, पट्टीवरचं नाव वाचलं. जुनं हेल्मेट टेबलावर होतं. ते उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांनी.

"तेशेक्कूर, पुष्पा हानम," म्हणाले. धन्यवाद.

मी ते जुनं हेल्मेट भंगारात टाकायला पाठवलं आणि रजिस्टरला तशी नोंद केली.

लोकांनी माझं ऐकलं, कारण ऑडिटला सगळे घाबरतात. आठवड्याभरात हाक बदलली. मिस्टर नज्मी. नज्मी सर. आणि त्यांच्या टाचा जुळायच्या बंद झाल्या. कुणी हाक मारली तर ते मान वळवून बघत, हं, असं म्हणत. बुटांवर धूळ दिसू लागली. ड्रिलची यादी त्यांनी हाताखालच्या माणसाकडे दिली आणि स्वतः सावलीत उभे राहू लागले. शेवटची जास्तीची खूण करायला तेवढे पुढे यायचे. मला हे सगळं दिसत होतं. मी नवऱ्याला सांगितलंही, की निकालाने माणूस आतून खचला. त्यात माझाही हात आहे, हे मनातसुद्धा आलं नाही.

सहा महिन्यांनी आमचं त्या कारखान्यातलं कंत्राट संपलं आणि त्यांची नोकरीही. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करायचा, तिकीट काढायचं. ते गावी परत जाणार होते, काळ्या समुद्राकाठच्या त्यांच्या लहानशा गावी, जिथे त्यांची बायको होती आणि डोंगरापलीकडे यूनुसची आई. जायच्या आदल्या दिवशी ते एक जाड फाइल घेऊन माझ्याकडे आले.

"तुम्ही कागद जपता," म्हणाले. "स्कॅन करून द्याल?"

ती त्यांच्या खटल्याची फाइल होती. निकालाच्या प्रत्येक पानावर डाव्या बाजूला तुर्की, उजव्या बाजूला इंग्रजी भाषांतर. मी स्कॅन करता करता सवयीने दोन्ही बाजू जुळवून बघत होते. भाषा येत नसली तरी नावं आणि तारखा जुळतात की नाही ते कळतं. उजवीकडे लिहिलं होतं, कर्नल हा हुद्दा काढून घेण्यात येत आहे. मी बोट डावीकडे नेलं. तिथे कर्नलच्या जागी एक छोटासा शब्द होता. मी तो अक्षर अक्षर लावून पुटपुटले.

अल्बाय.

पुन्हा म्हणून पाहिला. अल्बाय. अलीभाय.

स्कॅनरचा दिवा पुढे गेला, मागे आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनशे बारा माणसं चार वर्षं रोज या माणसाला त्याचा हुद्दा देत होती, तो हुद्दा आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नसताना. आणि तिकडच्या शेवटच्या निकालाला आठवडा उलटायच्या आत मी पत्रक काढून, सहीशिक्क्यानिशी, तो इथेही काढून घेतला होता.

मी मान वर केली. ते समोरच उभे होते. माझं बोट कुठे आहे ते त्यांनी पाहिलं.

"पहिल्या दिवशी सवयीने तोंडातून निघालं," ते हळू म्हणाले. "मग लाज वाटली. पण चाचाने लिहिलं होतं. मी म्हटलं, हा एक खोटा कागद असा आहे की ज्यावर माझी सही नाही. राहू दे."

"मग मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चिरकला. "एक शब्द बोलला असतात तर मी..."

"काय सांगणार होतो? खोटं नाव तसंच ठेवा, म्हणून? मी सांगणार होतो ते?" त्यांनी पानं गोळा करून फाइलीत सारखी केली. "तुम्ही बरोबर केलंत, पुष्पा हानम. नाव नज्मीच आहे."

माझं नाव त्यांनी तेव्हाही अगदी बरोबर घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. गेटवर कंपनीची गाडी उभी होती. मी रात्रभर ठरवत होते की सगळ्यांसमोर मोठ्याने हाक मारायची, अल्बाय, म्हणून. पण काल ते कळल्यावर आज मी तशी हाक मारणं म्हणजे भीक घातल्यासारखं झालं असतं, आणि ते त्यांना लगेच कळलं असतं. मी नुसती उभी राहिले.

एवढ्यात स्टोअरच्या बाजूने इस्माईलचाचा धापा टाकत आले. हातात खजुरांचा डबा. दुरूनच ओरडले, "अलीभाय! ओ अलीभाय, थांबा!"

नज्मी बेंच्या टाचा जुळल्या. पाठ ताठ झाली. उजवा हात वर निघाला, आणि या वेळी छातीशी थांबला नाही, खांद्याच्या वर गेला.

तेवढ्यात चाचांना मी दिसले. त्यांनी जीभ चावली, कानाच्या पाळीला हात लावला. "माफी, माफी. नज्मीसाब," म्हणाले. "नज्मीसाब, ह्ये घ्या, घरी न्या."

तो वर गेलेला हात कानशिलाच्या दोन बोटं अलीकडे थांबला. मग खाली आला, आणि त्या हाताने त्यांनी खजुरांचा डबा घेतला. चाचांना मिठी मारली. माझ्याकडे बघून वाकले. गाडीत बसल्यावर सगळेजण करतात तसा काचेआडून हात हलवला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. चाचा माझ्या शेजारीच उभे होते, उजवा कान माझ्याकडे करून. त्यांनी दोनदा विचारलं, "आता बराबर बोल्लो ना, ताय?"